वणव्याचा पहारा

वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम २२:५, ६, २ शमुवेल १८:२४-२७, यहेज्केल ३३:१-९, याकोब ३:५, ६.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात चोरी, ठेव, उसनी घेतलेली जनावरे अशा नित्याच्या व्यवहारांचे निवाडे दिलेले आहेत. त्यांतील सहाव्या वचनावर पुष्कळ वाचकांची दृष्टी ठरत नाही. पण जे शेतकरी दर वर्षी आपल्या हाताने शेतात जाळ करितात, त्यांनी तरी ते ओलांडून पुढे जाऊ नये. एका मनुष्याने आपल्या कामाकरिता विस्तव केला. तो कुंपणाच्या काट्यांत शिरला. आणि काट्यांतून शेजाऱ्याच्या सुड्यांस किंवा उभ्या पिकास जाऊन लागला. आता हे नुकसान कोणी सोसावे? नियमशास्त्र सांगते की, ज्याने पेटविले त्याने.

ह्या निवाड्यात वैराचा प्रश्नच काढलेला नाही. त्या मनुष्याच्या मनात शेजाऱ्याविषयी राग होता की प्रीती होती, हे कोणी विचारीत नाही. वाऱ्यावरही दोष टाकलेला नाही. उलट, फटके मारावे किंवा गावाबाहेर घालवावे असेही तेथे नाही. नुकसान भरून द्यावे, इतकेच आहे. आणखी एक बारीक भेद पाहण्याजोगा आहे. पाचव्या वचनात ज्याने आपले जनावर दुसऱ्याच्या शेतात चरू दिले, त्याने आपल्या शेतातील उत्तमातले उत्तम द्यावे असा नियम आहे. विस्तवाच्या बाबतीत मात्र ‘उत्तम’ हा शब्द नाही. जनावर सोडणाऱ्यापेक्षा विस्तव सुटू देणारा कमी दोषी धरिला आहे, असे आम्हांस वाटते. तरी देणे चुकलेले नाही. ज्या देशात हे नियम पाळावयाचे होते, तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि कापणी कोरड्या ऋतूच्या तोंडाशी येते. त्या दिवसांत शेताच्या कडेचे काटे ठिणगीची वाटच पाहत असतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात तीच स्थिती असते.

खारबावच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. आपल्या दक्षिणेस खाडी, खाजणे आणि वीटभट्ट्या. वायव्येस तुंगारेश्वराची रांग. आणि मध्ये भाताची खाचरे. भाताचे रोप जेथे टाकावयाचे, त्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर थोडी माती असे थर घालून उन्हाळ्यात राब भाजतात. हा राब भाजण्यासाठी रानातील टहाळ तोडण्याचा हक्क असावा, ह्यावरून आपल्या पूर्वजांचे आणि जंगलखात्याचे मोठे भांडण होते. १८८५ साली मुंबई सरकारने नेमलेल्या फॉरेस्ट कमिशनपुढे ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी आल्या, त्यांत राबाचा प्रश्न मुख्य होता. पुढे डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनी जोशी आणि कानिटकर ह्या दोन सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ साली तो प्रसिद्ध केला. राखेच्या खताखेरीज जमीन तापण्याचाही गुण रोपास मिळतो, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. तेव्हा राब म्हणजे अडाणीपणा, असे जे शहरचे लोक म्हणतात, त्यांनी थोडे थांबून बोलावे. राबास आम्ही पाप म्हणत नाही. पण राबाचा विस्तव बांधावर, बांधावरून माळावर आणि माळावरून रानात जातो, तेव्हा तो निर्गमातील विस्तव होतो.

आपल्या रानांत वणवा आपोआप लागतो, ही समजूतही टाकून दिली पाहिजे. उत्तर अमेरिकेच्या डोंगरांत कोरड्या विजेने झाडे पेटतात. आपल्याकडे वीज येते ती बहुधा वळवाच्या सरीबरोबर. आपल्या डोंगरांतील जवळजवळ प्रत्येक वणवा मनुष्याच्या हातून लागलेला असतो. कोणी नवे गवत लवकर फुटावे म्हणून माळ जाळतो, कोणी मोहाची फुले नीट दिसावी म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितो, कोणी मधाच्या पोळ्यास धूर देतो, कोणी विडी टाकितो. जळालेल्या माळावर कोंब लवकर येतात हे खरे आहे. पण उघडी पडलेली माती मृगाच्या पहिल्या सरींनी ओढ्यास जाते, तितर-लाव्यांची घरटी जळतात, आणि सागाचे मोठे झाड तगले तरी त्याखालचे रोप तगत नाही.

गेल्या चैत्रात आम्ही मंडळीतील दोघा तरुणांस घेऊन कामणदुर्गावर गेलो. खारबावहून वसईच्या बाजूस पुढचेच स्टेशन कामण रोडचे आहे. तेथून पायथ्याच्या पाड्यांकडे वाट जाते. डोंगर २१०० फुटांहून उंच आहे. माथ्यावर मोठे बांधकाम उरलेले नाही; खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि तीच सांगतात की, येथे माणसे राहून पहारा करीत होती. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने फिरंग्यांपासून वसई घेतली, त्या काळी खाडीवरील ये-जा ज्याच्या दृष्टीखाली, त्याच्या हाती पुष्कळ काही असे. आज तेथे शिपाई नाही. पण उन्हाळ्यात त्या माथ्यावर उभा राहणारा मनुष्य जे पाहतो, त्यात दक्षिणेस खाडीपलीकडे घोडबंदरचे डोंगर, पूर्वेस दूर माहुलीचे सुळके, आणि खाली सर्व बाजूंस वाळलेले रान असते. २००३ साली तुंगारेश्वराचे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. अशा रानास वणव्याचा पहारेकरी हवा असेल, तर त्याची जागा जुन्या लोकांनी आधीच निवडून ठेविली आहे.

आमच्या दोघा तरुणांपैकी एकाचे पाऊल मुरगळल्यामुळे तो पायथ्याच्या पाड्यातच राहिला. वाट दाखवावयास त्या पाड्यातील एक वृद्ध कातकरी बाबा आमच्याबरोबर आले होते. माथ्यावर पोहोचलो तेव्हा खाली सहा-सात ठिकाणी धूर दिसत होता, आणि आमच्या तरुणाने घाबरून रान पेटले असे म्हटले. बाबा हसले. एकेक धूर बोटाने दाखवीत ते म्हणाले, “तो भट्टीचा. तो सकाळपासून एकाच जागी, एकाच रंगाचा. तो पांढरा, जमिनीशी लोळतोय तो राबाचा, घटकाभरात बसेल. तो काळा भिवंडीच्या अंगाचा, तिथे काहीतरी रबर नाहीतर प्लास्टिक जळतंय.” मग ते थांबले आणि एका बाजूस बराच वेळ पाहत राहिले. “आणि तो चालतोय,” असे ते म्हणाले.

आम्हांस तो इतर धुरांसारखाच दिसत होता. बाबांनी समजाविले की, गवताचा जाळ एका जागी राहत नाही. त्याचा धूर बुडाशी रुंद होत जातो आणि त्याची कड सरकते. येथे आम्हांस २ शमुवेल १८ मधील पहारेकऱ्याची आठवण झाली. वेशीच्या छपरावर उभा असलेला तो मनुष्य दुरून धावत येणाऱ्यास तोंडावरून ओळखीत नाही. धावण्याच्या ढबेवरून हा अहीमास असावा असे ताडतो. पहारेकऱ्याचे ज्ञान ते हेच. डोळे सर्वांसच असतात. पण ज्याने गावचे सगळे नित्याचे धूर ओळखून ठेविले आहेत, त्यालाच अनोळखी धूर कळतो. प्रत्येक धुरास वणवा म्हणून ओरडणारा मनुष्य दोन आठवड्यांत असा होतो की, त्याच्या ओरडण्याने कोणी उठत नाही.

आता तो धूर कोठे होता? दिशा आम्हांस दिसत होती. पण समोरच्या सोंडेच्या अलीकडे की पलीकडे, हे बाबांसही सांगता येईना. कारण उंचावरून एका रेषेतील सर्व वस्तू एकमेकींवर चिकटल्यासारख्या दिसतात. आम्ही खाली राहिलेल्या तरुणास फोन केला. तो म्हणाला की, त्याच्या उजव्या हातास, सोंडेच्या मागून धूर वर येत आहे. आमची रेषा आणि त्याची रेषा जेथे मिळाली, ती जागा बाबांनी तत्काळ ओळखली. नाव कळताच वनरक्षकास निरोप गेला.

हीच युक्ती अमेरिकेतील वनखात्याने मोठ्या प्रमाणावर वापरिली. १९१० सालच्या ऑगस्टच्या २० आणि २१ तारखांस आयडाहो व माँटाना ह्या भागांत असा भयंकर वणवा झाला की, सुमारे ३० लक्ष एकर रान जळाले आणि ८० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक वणवा विझविणारे मजूर होते. त्यानंतर शिखराशिखरांवर लाकडी आणि लोखंडी मनोरे उभे राहिले. प्रत्येक मनोऱ्यात मध्यभागी गोल नकाशा आणि त्यावर फिरणारी नेम धरावयाची पट्टी असे. हे यंत्र ऑसबोर्न नावाच्या वनाधिकाऱ्याने तयार केले. धूर दिसला की पहारेकरी अंश वाचून टेलिफोनवर सांगे, दुसऱ्या शिखरावरचा आपले अंश सांगे, आणि कचेरीत दोन दोरे ताणले की जागा सापडे. १९१३ साली हॅली डॅगेट नावाच्या स्त्रीने कॅलिफोर्नियातील एका शिखरावर हे काम पत्करिले. त्या खात्यातील मनोऱ्यावरची ती पहिली स्त्री पहारेकरी होय. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सपाट रानात डोंगर नाहीत. म्हणून १९३७ पासून १९५२ पर्यंत तेथे उंच उंच करी वृक्षांच्या शेंड्यांवर माचाणे बांधिली.

आपल्या देशातही हे काम जुने आहे. सातपुड्यातील बोरीच्या रानात १८६० नंतरच्या दशकात कर्नल पिअर्सन ह्यांनी वणवे आवरून दाखविले, तेव्हा हिंदुस्थानात रान विस्तवापासून राखता येते असा विश्वास सरकारास वाटू लागला. त्याचे मुख्य साधन जाळरेषा होय. म्हणजे उन्हाळ्याआधी रानात पट्टे काढून त्यांवरील गवत-पाचोळा आपणच जाळून टाकावा, म्हणजे मागून येणाऱ्या जाळास खावयास काही उरत नाही. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम धरितात. २००४ सालापासून देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने उपग्रहांवरून दिसलेल्या आगींच्या सूचना पाठविण्यास आरंभ केला, आणि आता त्या मोबाइलवर मिळतात. ही मोठी सोय आहे. पण उपग्रह दिवसातून ठराविक वेळीच डोक्यावरून जातो, आणि त्यातील त्यात बारीक पाहणारे यंत्रही सुमारे ३७५ मीटरांच्या चौकोनाने पाहते. दोन गुंठ्यांच्या राबातून नुकताच बांधावर चढलेला जाळ त्यास न दिसणेच संभवनीय. बांधावरच्या मनुष्यास तो दिसतो.

यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातील एक गोष्ट उपदेशांत बहुधा सुटते. तेथे पहारेकरी राजा नेमीत नाही, वरून कोणी पाठवीत नाही; देशाचे लोक आपल्यांतील एकास निवडितात. त्याने शिंग वाजविले आणि ऐकणाऱ्याने कान झाकले, तर रक्त ऐकणाऱ्याच्या माथी. त्याने पाहिले आणि तो गप्प बसला, तर त्याच्या माथी. विझविण्याचा भार त्या एकट्यावर टाकिलेला नाही. पाहणे आणि सांगणे, एवढेच त्याचे काम. आपल्या देशाचा १९२७ सालचा वनकायदाही ह्याच बाजूचा आहे. राखीव रान धोक्यात येईल अशा रीतीने विस्तव करणे किंवा पेटता सोडून देणे हा त्यात गुन्हा धरिला आहे. आणि ७९ व्या कलमाप्रमाणे, रानात ज्यांस हक्क आहे, जे गुरे चारितात, लाकूडफाटा आणितात, त्यांनी वणव्याची खबर द्यावी आणि तो विझविण्यास झटावे असे बंधन आहे. मोळी आणावयास आपण रानात जातो. तेव्हा ते बंधन आपणांस लागू आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस रान राखण्याचा अधिकारही दिला. मंडळीतील वडील माणसे ग्रामसभेस जातात ती बहुधा रस्ता आणि पाणी ह्यांसाठी. हा विषय तेथे काढणारा क्वचितच भेटतो.

त्या दिवशी वनरक्षक आणि दोन पाड्यांतील वीस-बावीस माणसांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून तो जाळ संध्याकाळपर्यंत विझविला. जाळ चढणीवर धावतो, कारण खालची ज्वाळा वरचे गवत आधीच तापवून ठेविते. म्हणून ती माणसे जाळाच्या वर न जाता बाजूंनी आणि मागून गेली. नव्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. रान थोडे गेले. पण एका शेतकऱ्याच्या गवताच्या दोन गंजी जळाल्या. मुंबईकडच्या तबेल्यांस विकावयाचे ते गवत होते, आणि त्याच्या घरचा पावसाळ्याचा खर्च त्यावरच होता.

आम्ही डोंगर उतरून रस्त्यास लागलो, तोच चहाच्या दुकानात ऐकू आले की, कातकऱ्यांनी रान पेटविले. बोलणारा आमच्या ओळखीचा, देवाचे भय बाळगणारा मनुष्य होता. त्याने स्वतः काही पाहिले नव्हते. ज्या पाड्याचे नाव तो घेत होता, त्या पाड्यातील बाबा आमच्या शेजारीच उभे होते, आणि तो धूर सर्वांआधी त्यांनीच ओळखिला होता. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पाणी प्याले आणि ते घराकडे निघाले. याकोबाने जिभेस विस्तव म्हटले आहे. तेथे रानासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ लाकूडफाटा असाही होतो. आम्हांस मात्र त्या दिवशी रान हाच अर्थ बरोबर वाटला. गवताचा जाळ सोंडेवर चढावयास तासभर लागला होता. ही गोष्ट फोनवरून त्याहून लवकर तीन गावांत गेली. कातकरी आधीच भूमिहीन, उन्हाळ्यात भट्टीवर मजुरीस जाणारा. त्याच्यावर आळ आला तर त्याची बाजू घेऊन पंचांत बोलणारा कोण? दुकानात जे तिघे-चौघे बसले होते, त्यांस आम्ही सांगितले की, बाबा सकाळपासून आमच्याबरोबर माथ्यावर होते. दोघांनी मान हलविली. एकजण म्हणाला, “मग दुसऱ्या कोणीतरी कातकऱ्याने लावला असेल.”

चौथ्या दिवशी आमच्याच एका मंडळीतील शेतकरी आमच्याकडे आला. त्याचा राब त्या सोंडेच्या पायथ्याशी आहे. राब भाजून झाल्यावर तो जेवावयास घरी गेला होता, आणि परत आला तेव्हा बांध जळालेला होता. त्याने कोणास सांगितले नव्हते; कोणी विचारलेही नव्हते, कारण सर्वांस उत्तर आधीच मिळाले होते. त्याचे म्हणणे इतकेच की, रविवारी निर्गमाचा भाग वाचून दाखवावयाची पाळी त्याची आहे आणि तो भाग त्यास वाचवणार नाही. आम्ही त्यास म्हटले की, वाचण्याआधी गंजीवाल्याकडे जाऊन ये. तो गेला. गंजीवाला आपल्या मंडळीतील नाही. प्रथम त्याने दार लावून घेतले; दुसऱ्या खेपेस हिशेब केला. दोन गंजींतील भारे मोजून, अर्धी किंमत त्या वेळी आणि अर्ध्याबद्दल कार्तिकात स्वतःच्या माळाचे गवत कापून द्यावयाचे, असे ठरले. मग तो शेतकरी पाड्यावर गेला आणि जाळ आपल्या बांधावरून गेला, हे त्याने बाबांच्या अंगणात चार लोकांपुढे सांगितले. आमच्या मते गंजीच्या पैशापेक्षा हे देणे त्यास जड गेले असावे. निर्गमात सुडीची भरपाई आहे. दुसऱ्याच्या नावावर पडलेल्या आळाची किंमत कशी मोजावी, हे त्या वचनात नाही.

यंदा त्या गावी पुढील व्यवस्था झाली आहे, आणि इतर मंडळ्यांसही ती करण्याजोगी आहे. माघ महिन्यात गावकरी आणि पाड्यातील लोक मिळून राबांच्या वरच्या अंगास सहा हातांचा पट्टा गवत काढून मोकळा करितात. राब सकाळी, वारा पडलेला पाहून पेटवावयाचा. दुपारी समुद्राकडचा वारा सुटतो, त्याआधी तो विझलेला असावा. आणि राख हाताला गार लागेपर्यंत एक माणूस तेथे राहावा. ज्या दिवशी जो राब भाजणार, त्याने आदल्या दिवशी पाड्यावर सांगावयाचे, म्हणजे तो धूर ओळखीचा ठरतो. हंगामभर दुपारच्या वेळी दोन ठिकाणी दोन माणसे उंचवट्यावर बसतात. त्यांपैकी एक जागा बाबांनी दाखविली. अनोळखी धूर दिसला तर ती दोघे आधी एकमेकांस आणि मग वनरक्षकास फोन करितात; तो न मिळाल्यास वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. त्या दोन माणसांची मजुरी ग्रामसभेतून द्यावी की घरटी गोळा करावी, ह्यावर अजून वाद चालू आहे.